तपासणीच्या आधी सांगायचे वाक्य : सात वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधील आहे. तेथील एका रुग्णालयाच्या बालसंरक्षण विभागात मी परिचारिका आहे. स्त्री जननेंद्रिय विच्छेदन (प्रथा म्हणून मुलींच्या जननेंद्रियांना कापणे), म्हणजे रोजच्या कामात आम्ही ज्याला नुसते एफजीएम म्हणतो, त्याच्या संशयावरून तपासणीला पाठवलेल्या मुलींच्या भेटी ठरवण्याचे काम माझ्याकडे असते. पुढील मजकूर कोणत्याही एका कुटुंबाचे हुबेहूब वर्णन नाही. ओळख पटू नये म्हणून एकाहून अधिक कुटुंबांचे अनुभव एकत्र गुंफले आहेत, आणि नाती, वये व घटनांचा क्रम बदलला आहे. तपासणीची पद्धत, कायद्याच्या तरतुदी आणि आमच्या हातून झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

प्रकरणाची सुरुवात

मुलगी सात वर्षांची. आई-वडील पश्चिम आफ्रिकेतील गांबियातून आलेले, मुलांचा जन्म इंग्लंडमधला. घरात बारा वर्षांचा मोठा भाऊ आणि चार वर्षांची धाकटी बहीण. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मुलगी वडिलांबरोबर गांबियातल्या आजीकडे गेली. आई धाकटीला घेऊन इंग्लंडमध्येच राहिली. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर मुलीने वर्गशिक्षिकेला सांगितले की आजीकडे तिच्यासाठी नवे कपडे शिवले होते, खूप बायका जमल्या होत्या, आणि मग तिला शू करताना आग व्हायला लागली होती. शिक्षिकेने तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, एकही पुढचा प्रश्न विचारला नाही आणि शाळेच्या बालसंरक्षण प्रमुखांना कळवले. हे काम ऐकायला सोपे वाटते, पण अशा वेळी ‘कुठे दुखलं, कोणी केलं’ असे विचारण्याचा मोह फार प्रबळ असतो आणि त्या एका प्रश्नाने पुढची सगळी चौकशी कमकुवत होऊ शकते.

येथे कायद्यातला एक बारकावा सांगणे भाग आहे. ३१ ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदणीकृत आरोग्यसेवक, समाजसेवक आणि शिक्षक यांच्यावर थेट पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, पण ते दोनच परिस्थितींत लागू होते. अठरा वर्षांखालील मुलीने स्वतः आपल्यावर हे झाल्याचे सांगितले तर, किंवा कामाच्या ओघात तिच्या शरीरावर त्याची चिन्हे दिसली तर. नुसता संशय, किंवा पालकांनी सांगितलेली माहिती, या बंधनात बसत नाही. तेथे नेहमीची बालसंरक्षणाची वाट धरावी लागते. या मुलीने ‘कापले’ असे म्हटले नव्हते. म्हणून प्रकरण स्थानिक प्रशासनाच्या बालसेवा विभागाकडे गेले, १९८९ च्या बाल कायद्याच्या कलम ४७ खाली चौकशी सुरू झाली आणि पोलीस, समाजसेविका व आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर यांची एकत्र बैठक झाली.

संशय निराधार नव्हता. गांबियात १५ ते ४९ वयोगटातील दर दहा स्त्रियांपैकी सात किंवा त्याहून अधिक जणींवर ही प्रथा झालेली आहे. तेथे २०१५ पासून तिच्यावर बंदी आहे, आणि ती बंदी उठवण्याचा प्रस्ताव तेथील संसदेने जुलै २०२४ मध्ये फेटाळला, यावरूनच हा प्रश्न तेथे किती जिवंत आहे हे दिसते. आईच्या प्रसूतीच्या नोंदीत तिच्यावर एफजीएमचा टाइप २ (हे प्रकार पुढे सांगितले आहेत) झाल्याचे लिहिले होते. उलट बाजूने पाहिले तर तेथे बहुतेक मुलींवर हे पाच वर्षांच्या आत होते, त्यामुळे सातव्या वर्षी होणे काहीसे उशिराचे ठरले असते. या दोन्ही गोष्टी बैठकीत मांडल्या गेल्या आणि तपासणी करावी असे ठरले.

पत्र

पहिली चूक आमची झाली. भेटीची वेळ कळवणारे छापील पत्र नेहमीप्रमाणे टपालाने गेले. ते इंग्रजीत होते आणि विभागाचे नाव वरच मोठ्या अक्षरांत होते. आईला इंग्रजी बोलता येते, पण वाचताना अडखळते, त्यामुळे घरातली सगळी पत्रे मोठा मुलगा वाचून दाखवतो. त्याने हेही वाचले. बारा वर्षांच्या मुलाने स्वयंपाकघरात उभे राहून आपल्या आईला, आपल्या बहिणीच्या जननेंद्रियांची तपासणी होणार असल्याचे मोठ्याने वाचून दाखवले, आणि न कळलेला शब्द फोनवर शोधला.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला तेव्हा ते रागात होते, आणि मला तो राग पूर्णपणे समजण्यासारखा वाटला. त्यांच्या बोलण्यातून कळले की मुलगी रात्री झोपली नाही आणि ‘पोलीस आईला नेणार का’ असे विचारत राहिली. आई फोनवर आली, पण काहीच बोलली नाही.

तपासणी चार दिवस पुढे ढकलावी असे मी सुचवले. पोलीस अधिकाऱ्याला उशीर नको होता. डॉक्टरांनी वैद्यकीय बाजूने मुद्दा मांडला: प्रवासाला सात आठवडे उलटले आहेत, ताजी जखम असती, रक्तस्राव किंवा लघवी अडण्याची तक्रार असती, तर आजच आणि आताच पाहावे लागले असते, आता मात्र चार दिवसांनी नष्ट होईल असे काही उरलेले नाही. त्या चार दिवसांत मुलीला घेऊन कोणी परदेशी जाणार नाही एवढी खात्री हवी होती. पालकांनी स्वतःहून मुलींचे पासपोर्ट समाजसेविकेकडे ठेवायला दिले आणि तो प्रश्न मिटला.

तपासणीविना पहिली भेट

पहिल्या भेटीत तपासणी होणार नाही हे आम्ही फोनवरच सांगितले. दुभाषी निवडताना थोडा वेळ गेला. नातेवाईक तर चालतच नाहीत, पण त्याच समाजातली, त्याच शहरातली बाईसुद्धा अनेक कुटुंबांना नको असते, कारण लग्नकार्यात पुन्हा तीच भेटते. म्हणून आम्ही दुसऱ्या शहरातली मांडिंका भाषा जाणणारी दुभाषी फोनवर घेतली आणि आईचे नाव तिला कळू दिले नाही. सुरुवातीलाच त्या दुभाषीने विचारले की या प्रथेसाठी कोणता शब्द वापरू. हा प्रश्न योग्य होता. इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर केले तर समोर बसलेल्या आईच्या शरीराला आपण ‘विद्रूप’ म्हणतो. घरातला सौम्य शब्द वापरला तर जे झाले ते शुभकार्य ठरते. आम्ही ‘कापणे’ या साध्या शब्दावर थांबलो.

डॉक्टरांनी आई-वडिलांना जे सांगितले ते माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे बोलणे होते, म्हणून ते थोडे विस्ताराने देते. त्या म्हणाल्या की तपासणीत तीन गोष्टी घडू शकतात. कापल्याची खूण स्पष्ट दिसेल. किंवा वेगळेच काही दिसेल, उदाहरणार्थ जंतुसंसर्ग, त्वचेचा आजार किंवा लहान मुलींमध्ये आपोआप होणारी भगोष्ठांची (योनिमुखाभोवतीच्या ओठांसारख्या घड्यांची) चिकटण, जी नवख्या डॉक्टरला शिवल्यासारखी भासू शकते. किंवा काहीच दिसणार नाही. आणि काहीच दिसले नाही, तर ‘काहीही झालेले नाही’ असे मी लिहून देऊ शकणार नाही, हे मी तुम्हाला आजच सांगते.

वडिलांनी ताबडतोब विचारले, “मग तपासता कशाला?”

या प्रश्नाला बगल देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चार प्रकार आहेत. टाइप १ मध्ये शिश्निकेचा (क्लिटोरिसचा) दिसणारा भाग किंवा तिच्यावरची घडी अंशतः किंवा पूर्ण काढली जाते. टाइप २ मध्ये त्याबरोबर लघुभगोष्ठही (आतले भगोष्ठ) काढले जातात. टाइप ३ मध्ये भगोष्ठ कापून जोडून योनिमुख अरुंद केले जाते. बाकी सगळे, म्हणजे टोचणे, चिरणे, खरवडणे, डागणे, टाइप ४ मध्ये येते. पहिल्या तिन्हींत ऊती काढलेली किंवा जोडलेली असल्यामुळे अनुभवी डोळ्याला बहुधा फरक दिसतो, जरी टाइप १ चा अल्पसा प्रकार लहान मुलीत ओळखणे अवघडच असते. टाइप ४ मधली टोचण मात्र काही आठवड्यांत खूण न ठेवता भरून येऊ शकते. डॉक्टरांनी हे सर्व कागदावर आकृती काढून समजावले आणि मग म्हणाल्या की मोठी इजा झाली असेल तर उपचार वेळेवर व्हावेत आणि झाली नसेल तर निदान ती शंका दूर व्हावी, एवढ्यासाठी तपासायचे. वडिलांचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही. पण त्यांनी पेन मागून घेतले आणि त्या आकृतीच्या कडेला स्वतःसाठी चार ओळी लिहिल्या.

अनेक सहकारी ‘काहीही झालेले नाही असे लिहून देता येणार नाही’ हे वाक्य तपासणीनंतर, निकाल सांगताना बोलतात. तेव्हा ते पळवाटेसारखे ऐकू येते. काही न सापडल्यावर ‘तरीही खात्री देता येत नाही’ म्हणणारा डॉक्टर कुटुंबाला हट्टी आरोपकर्ता वाटतो, आणि त्यात कुटुंबाचा दोष नाही. तेच वाक्य निकाल कोणालाच माहीत नसताना बोलले, तर ती तपासणीची मर्यादा राहते.

आईने शेवटी एकच प्रश्न विचारला: काही सापडले नाही तर शाळा तिची माफी मागेल का? समाजसेविका म्हणाली की शाळेने जे केले ते कर्तव्य होते, पण पत्राबद्दल आम्ही माफी मागतो. ती माफी त्या खोलीतच, दुभाषीमार्फत, मागितली गेली.

मुलीची तयारी

मुलीबरोबरचे काम आमच्या खेळतज्ज्ञ सहकारी करतात. त्यांचा एक कडक नियम आहे: तयारीच्या खेळात आजीकडे काय झाले याविषयी अक्षरही विचारायचे नाही. ती मुलाखत प्रशिक्षित अधिकारी वेगळी घेतात, ती ध्वनिचित्रमुद्रित होते, आणि बाहुलीशी खेळता खेळता निघालेले उत्तर तिथे अडचणीचे ठरते. मुलगी आपणहून काही बोलली तर ऐकायचे, शब्द लिहून ठेवायचे, इतकेच.

तपासणीसाठी कोल्पोस्कोप वापरतात. ती भिंग आणि दिवा असलेली दुर्बीण आहे. ती शरीराला लागत नाही, आणि तिच्यातून दिसणारे चित्र पडद्यावर येते व जतन होते. हे चित्रण केवळ पुराव्यासाठी नसते. दुसऱ्या तज्ज्ञांना तेच पाहून मत देता येते, म्हणजे मुलीला पुन्हा तपासावे लागत नाही. मुलीने आधी आपल्या बोटाचे टोक दुर्बिणीखाली धरले. पडद्यावर नांगरलेल्या शेतासारख्या रेषा आल्या. मग बाहुलीचा डोळा, मग खेळतज्ज्ञ बाईंच्या बाहीवरचा सांडलेला चहा. चहाचा डाग तिला सर्वांत आवडला.

तिला एक लहान घंटी दिली आणि सांगितले की ही वाजली की सगळे थांबतील. तिने लगेच वाजवून पाहिली. डॉक्टर दोन पावले मागे सरकल्या आणि हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या. मुलगी हसली. पुन्हा वाजवली, पुन्हा त्या सरकल्या. हे सहा वेळा झाले आणि सहाही वेळा डॉक्टर तितक्याच गांभीर्याने मागे गेल्या. ‘तुझ्या परवानगीशिवाय काही करणार नाही’ असे आम्ही सगळेच म्हणतो. मुलांना ते खरे वाटते की नाही हे अशा वेळी कळते.

‘अजिबात दुखणार नाही’ असे आम्ही म्हणत नाही. हातमोज्याचा स्पर्श होईल, गार लागेल, ओढल्यासारखे वाटेल, आत काहीही घालणार नाही, असे सांगतो, कारण या वयाच्या मुलींची आतून तपासणी करायचीच नसते. शरीराच्या त्या भागासाठी घरात कोणता शब्द वापरतात हे आईला आधी विचारून घेतले होते आणि खोलीतल्या सर्वांनी तोच शब्द वापरला.

तपासणी

लेखी संमती दोन्ही पालकांनी दिली. मुलीला स्वतंत्र विचारले. ती ‘हो, पण आई हवी’ म्हणाली. ती पाठीवर झोपली, तळवे एकमेकांना जुळवून गुडघे बाजूला सोडले. आई उशाशी बसली. वडील बाहेर थांबले.

दिवा लागला आणि दुर्बीण सरकत जवळ आली तेव्हा घंटी वाजली. डॉक्टर मागे सरकल्या. काय झाले विचारल्यावर मुलगी म्हणाली, “आईला बरं वाटत नाहीये.”

आमच्यापैकी कोणाचेही आईकडे लक्ष नव्हते. ती खुर्चीत ताठ झाली होती, डोळे भिंतीवर खिळलेले होते आणि हाक मारल्यावर उत्तर येत नव्हते. मी तिला बाहेर नेले. पाणी, उघडी खिडकी, पाय जमिनीवर टेकवून बसणे, एवढ्याने दहा मिनिटांत ती सावरली. तिच्यावर झाले तेव्हा ती इतकी लहान होती की तिला काहीच आठवत नाही, असे ती पहिल्या भेटीत म्हणाली होती, आणि आम्ही ते लिहून घेऊन पुढे गेलो होतो. तिची नोंद आमच्यासमोर होती. तपासणीच्या खोलीत आईचीही तयारी करून घ्यायला हवी होती, आणि दिव्याची ती जागा तिला आधी दाखवायला हवी होती. हे आम्हाला एका सात वर्षांच्या मुलीने दाखवून दिले.

पुढे जायचे का, आज की नंतर, आणि जवळ कोण हवे, हे मुलीला विचारले. तिने आजच म्हटले आणि आईच हवी म्हटले. या वेळी आईची खुर्ची फिरवून दिव्याकडे पाठ केली आणि तिच्या हातात चित्रांचे पुस्तक दिले. तपासणी चार मिनिटांत आटोपली.

शिश्निका, तिच्यावरची घडी आणि भगोष्ठ यांत कोणताही बदल दिसला नाही. वण नव्हता. योनिमुखाभोवती लालसरपणा होता, जो या वयात साबण, फेसाचे स्नान किंवा नीट न पुसल्याने अनेकदा होतो. लघवीची आगही त्यानेच होऊ शकते. लघवीच्या तपासणीत संसर्ग नव्हता. डॉक्टरांनी आधी मुलीला सांगितले: तुझे शरीर निरोगी आहे, थोडी त्वचा लाल झाली आहे, त्यासाठी साबण बंद. ‘सगळं नॉर्मल आहे’ असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या घरात जिचे शरीर कापलेले आहे ती बाई शेजारीच बसली होती, आणि उद्या या मुलीला आपल्या आईबद्दल कळेल तेव्हा आजचा शब्द तिला आठवेल.

मग पालकांना निकाल सांगितला: टाइप १, २ किंवा ३ ची कोणतीही खूण नाही. डॉक्टर पुढचे बोलणार तोच वडिलांनी घडी घातलेला कागद बाहेर काढला आणि म्हणाले, “आणि चौथ्याबद्दल तुम्ही सांगू शकत नाही.” आवाजात राग नव्हता. आई रडली.

नंतरच्या गोष्टी

मुलाखतीत मुलीने नव्या कपड्यांचा आणि बायकांचा खुलासा केला: चुलतभावाचे नामकरण होते. आग होण्याची तक्रार त्याच आठवड्यात सुरू झाली होती आणि तिच्या सांगण्यात दोन्ही गोष्टी एकामागोमाग आल्या होत्या. पोलिसांची चौकशी तेथे संपली.

धाकटीलाही तपासावे असा समाजसेविकेचा आग्रह होता. माझे आणि डॉक्टरांचे मत वेगळे होते. ती प्रवासाला गेली नव्हती, तिची तक्रार नव्हती, तिच्याबद्दल कोणी काही सांगितले नव्हते. बहीण आहे एवढ्यावरून चार वर्षांच्या मुलीला त्या पलंगावर झोपवणे योग्य नव्हते, आणि शेवटी तसेच ठरले. पण आजीचा प्रश्न उरलाच. दोन्ही पालक प्रथेच्या विरोधात होते, मात्र आजी नव्हती, आणि पुढची सुट्टी येणारच होती. जुलै २०१५ पासून न्यायालयाकडून एफजीएम संरक्षण आदेश मिळवता येतो आणि त्यासाठी कोणावर गुन्हा दाखल असावा लागत नाही. येथे तो मागितला गेला नाही. त्याऐवजी पालकांनी लेखी हमी दिली, आणि सरकारने छापलेले प्रथाविरोधी निवेदन पत्रक नेले. पासपोर्टबरोबर ठेवता येईल एवढे ते छोटे असते, आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलीवर परदेशात हे केले तरी तो येथील गुन्हा आहे आणि त्याला १४ वर्षांपर्यंत कैद आहे, हे त्यावरून नातेवाइकांना दाखवता येते. वडिलांना ते पटले, कारण स्वतःच्या आईला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘तिथला कायदा असा आहे’ म्हणणे मुलाला सोपे जाते. हमीवर विसंबणे पुरेसे होते का, याबद्दल आमच्यात अजूनही दोन मते आहेत.

आईने स्वतःसाठी स्त्रियांच्या क्लिनिकची भेट मागितली आणि ती एकटी, दुसऱ्या दुभाषीबरोबर, तेथे जाऊन आली.

छापील पत्र आता जात नाही. आधी फोन होतो, भाषा विचारली जाते, आणि घरात टपाल कोण वाचते हेही विचारले जाते. सहा आठवड्यांनंतरच्या भेटीला मोठा भाऊ सोबत आला होता आणि बाहेरच्या बाकावर बसला होता. मी पाणी घ्यायला बाहेर गेले तेव्हा त्याने मला थांबवून विचारले की ते पत्र त्याने मोठ्याने वाचले हे चुकले का. त्याच्याशी आमच्यापैकी कोणीही बोलल्याची फाइलमधली पहिली नोंद त्या दिवसाची आहे.